एकच भाव, एकाच संध्याकाळी

भिवंडीत भाव कानाने येतो. पूर्वी तो सुताच्या दलालाच्या तोंडून यायचा, आता मोबाइलवर येतो. माग सुरू होण्याआधी मालक व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप उघडतो आणि कळतं, की सूत किलोमागे अमुक इतकं चढलं. दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला तर तोच भाव. तिसऱ्याला लावला तरी तोच. बीम मागावर चढलेला असतो, कारागिराची मजुरी ठरलेली असते, ग्रे कापडाचा सौदा आठवड्यापूर्वीच झालेला असतो. वाढलेला पैसा कुठून भरून काढायचा, हा मालकापुढचा पहिला प्रश्न. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो: हे सगळे आतून मिळालेले तर नाहीत?

हा दुसरा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि तिथेच विरतो. पण त्याचं उत्तर शोधण्यासाठी देशात एक कायदा आहे, एक आयोग आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्या आयोगाच्या हाती एक नवं साधनही आलं आहे. लोकांनी संगणकात, फोनमध्ये, मेलमध्ये मागे ठेवलेल्या खुणा वाचण्याचं शास्त्र, म्हणजे डिजिटल न्यायवैद्यक. या दोघांची सांगड कशी बसते, ते या प्रकरणात पाहू.

रिंग, साखळी, लिंकिंग

कायद्याचं नाव स्पर्धा अधिनियम, २००२. त्याआधी १९६९चा मक्तेदारीविरोधी कायदा होता, तो एमआरटीपी या आद्याक्षरांनीच ओळखला जायचा. त्या कायद्याचा रोख उद्योगांच्या आकारावर होता. नव्या कायद्याने रोख बदलला. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर करणं हा गुन्हा आहे. भारतीय स्पर्धा आयोग २००३मध्ये स्थापन झाला, पण संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीची कलमं लागू झाली ती २० मे २००९पासून.

कलम ३ चार गोष्टींवर विशेष कडक आहे. एकमेकांच्या स्पर्धकांनी बसून भाव ठरवणं, उत्पादन किंवा पुरवठा ठरवून रोखणं, बाजार किंवा गिऱ्हाईक वाटून घेणं, आणि निविदेत संगनमत करणं. या चौथ्या गोष्टीला महाराष्ट्रातला प्रत्येक ठेकेदार 'रिंग' म्हणतो. व्यापाऱ्यांची 'साखळी' हा शब्दही वर्तमानपत्रांतून आपल्या ओळखीचा आहे. खताच्या दुकानात युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात, आणि तशा जोडविक्रीचाही विचार याच कलमात आहे. कलम ४ बाजारातल्या बलाढ्याने आपल्या बळाचा गैरवापर करू नये म्हणून आहे. व्हिस्कोजच्या तंतूबाबत ग्रासिम कंपनीवर आयोगाने १६ मार्च २०२० रोजी ३०१ कोटी ६१ लाख रुपयांचा दंड लावला, तो याच कलमाखाली. सूतगिरण्यांकडून भेदभावाचे दर घेणं आणि त्यांच्याकडून कताईची माहिती मागणं, हे आयोगाने गैर ठरवलं होतं. तंतूचा भाव सुतात उतरतो आणि सुताचा भाव मागावर येतो. दिल्लीतला आदेश भिवंडीला परका नाही, तो असा.

सारखा भाव म्हणजे संगनमत नव्हे

आता त्या संध्याकाळकडे परत येऊ. तिन्ही व्यापाऱ्यांनी एकच भाव सांगितला. झालं का संगनमत सिद्ध? नाही. कापूस महागला, डॉलर वधारला, गिरणीने नवं दरपत्रक काढलं, तर सगळ्यांचेच भाव एका दिवसात हलतात. भाजी मंडईत दहा गाळ्यांवर टोमॅटो एकाच दराने विकला जातो, तेव्हा तिथे कट नसतो, उघडा बाजार असतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हा फरक नीट कळतो. पहिलं प्रकरण गोदामांचं. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा तंतोतंत एकच दर भरला. तिघींचे कारखाने वेगळे, खर्च वेगळे, तरी दर रुपयालाही इकडचा तिकडे नाही. ८ मे २०१७च्या निकालात न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर न मोजता त्या गोळ्यांच्या उलाढालीवर मोजावा, असं सांगितलं. २०२३च्या दुरुस्तीने पुढे दंडाच्या मोजणीचा हा पाया पुन्हा रुंद केला.

दुसरं प्रकरण स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीचं. इंडियन ऑइलच्या निविदेत सिलिंडर बनवणाऱ्या अनेक कारखान्यांनी सारखे दर भरले. निविदेच्या तोंडावर, १ आणि २ मार्च २०१० रोजी, त्यांच्यातल्या काहींची मुंबईच्या एका हॉटेलात बैठकही झाली होती. आयोगाने दंड केला, पण १ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. या मालाचे खरेदीदार मूठभर, अटी त्यांच्या, आणि दरावरही त्यांचीच पकड. अशा बाजारात दर सारखे येण्याला दुसरी कारणं असू शकतात, असं न्यायालयाला वाटलं.

दोन्हीकडे दर सारखेच होते, पण निकाल उलटसुलट लागले. म्हणून तपास करणाऱ्याला सारख्या भावाच्या मागे जाऊन पाहावं लागतं. हे लोक एकमेकांशी बोलले का, कधी बोलले, काय ठरलं? पूर्वी या प्रश्नांची उत्तरं हॉटेलच्या खोलीत राहायची. आता ती यंत्रात राहतात.

पुण्याची निविदा

महाराष्ट्रातलं याचं स्पष्ट उदाहरण पुण्याचं आहे. पुणे महापालिकेने शहरातला ओला-सुका कचरा जिरवणारे प्रकल्प उभारण्यासाठी आणि चालवण्यासाठी निविदा काढल्या होत्या. नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या संस्थेला त्यांत काळंबेरं दिसलं. संस्थेने २०१५मध्ये स्पर्धा आयोगाचं दार ठोठावलं. तक्रार कुणा हरलेल्या ठेकेदाराची नव्हती, शहराच्या नागरिकांची होती. ज्यांच्या घरपट्टीतून ती बिलं भागणार होती, तेच पुढे आले होते.

आयोगाने प्रथमदर्शनी तथ्य मानून प्रकरण महासंचालकांकडे सोपवलं. महासंचालक हा आयोगाचा तपास करणारा हात. तपासात तीन धागे पुढे आले. पहिला, आयपी पत्ता. ई-निविदा भरताना ती कुठल्या जोडणीवरून आली याची नोंद सर्व्हरवर आपोआप होते. एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून चढल्या होत्या. दुसरा धागा, फोनच्या नोंदी. निविदेच्या दिवसांत हे स्पर्धक एकमेकांशी बोलत होते. तिसरा, पैशाची वाट. अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट कुठून, कसे निघाले, तेही जुळत होतं. चित्र असं उभं राहिलं, की एकाला काम मिळावं म्हणून बाकीच्यांनी संख्या भरण्यापुरत्या निविदा टाकल्या. मे २०१८मध्ये आयोगाने संबंधित कंपन्यांना दंड केला. त्यांतल्या काहींनी तपास सुरू झाल्यावर स्वतःहून माहिती दिली होती, म्हणून त्यांना दंडात सवलत मिळाली.

यातला एकेक धागा वेगळा काढला तर तो कच्चा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. भिवंडी, कल्याण, ठाण्यात ई-निविदा भरून देणारे लोक आहेत. लहान ठेकेदार आपली डिजिटल सही असलेला डोंगल त्यांच्याकडे घेऊन जातो आणि तिथल्या संगणकावरून निविदा चढवतो. एकाच दुकानातून दोन अनोळखी ठेकेदारांच्या निविदा गेल्या, तर दोघांचाही आयपी पत्ता एकच दिसेल. म्हणून चांगला तपास एका खुणेवर थांबत नाही. आयपी, कॉल, ड्राफ्ट, फाइल कुणी बनवली आणि कुठल्या मिनिटाला साठवली, दोन निविदांत शुद्धलेखनाची तीच चूक आहे का, असे धागे एकमेकांत विणून पाहतो. ताणा आणि बाणा दोन्ही असले तरच कापड होतं.

जप्तीपासून जुळणीपर्यंत

समजा, आयोगाचं पथक एका कार्यालयात पोचलं. तिथे ते मनाला येईल तसं जाऊ शकत नाही. झडतीसाठी महासंचालकांना दिल्लीच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडून आधी परवानगी घ्यावी लागते. कंपनीची कार्यालयं अनेक शहरांत असतील तर पथकं सगळीकडे एकाच वेळी दाराशी उभी राहतात. एका ठिकाणी पोचून दुसरीकडे उशीर झाला, तर मधल्या तासाभरात बरंच काही पुसलं जातं.

आत गेल्यावर पहिला नियम असा, की यंत्र आहे त्या स्थितीत सांभाळायचं. चालू संगणक उगाच बंद करायचा नाही, कारण तात्पुरत्या स्मृतीतलं त्यासरशी जातं. बंद असलेला उगाच चालू करायचा नाही, कारण सुरू होताना यंत्र स्वतःच शेकडो फाइलींच्या नोंदी बदलतं. फोन नेटवर्कपासून तोडायचा, लहरी आत न जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवायचा, म्हणजे दुरून कुणी तो पुसू शकणार नाही.

मग प्रत काढायची. आपण पेनड्राइव्हवर फाइल घेतो तशी ही प्रत नसते. हार्ड डिस्कवरचा प्रत्येक बिट, रिकामा दिसणारा भागसुद्धा, जसाच्या तसा उतरवला जातो. मूळ डिस्क आणि प्रत काढणारं यंत्र यांच्यामध्ये एक अडसर बसवतात. त्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. रिकामा भाग घ्यायचं कारण असं, की आपण फाइल पुसतो तेव्हा बहुतेक वेळा संगणक फक्त तिच्या जागेवर 'ही जागा मोकळी' अशी पाटी लावतो. दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. नव्या प्रकारच्या डिस्क आणि फोन ही जागा लवकर साफ करतात, म्हणून वेळेला फार किंमत आहे.

यापुढची पायरी या शास्त्राचा कणा आहे. भिवंडीतल्या वाचकाला ती उदाहरणाने सहज पटेल. कापडाचा व्यापारी ताका घेताना खिशातून पिक ग्लास काढतो. लहानसं घडीचं भिंग, खाली इंचाची चौकट. ते कापडावर टेकवून तो धागे मोजतो. ठरलं होतं तेवढं रीड-पिक भरतं की नाही, ते तिथल्या तिथे कळतं. पण पिक ग्लास एका इंचाचा हिशेब देतो. शंभर मीटरच्या ताक्यात दुसरीकडे एक धागा तुटलेला असेल, तर तो त्याला दिसत नाही.

आता असं एक भिंग कल्पून पाहा, जे सगळा ताका एका क्षणात मोजतं आणि त्याला एकच आकडा देतं. कुठल्याही कोपऱ्यातला एक धागा बदलला, की सगळा आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो. डिजिटल जगात हे भिंग खरोखर आहे. त्याला 'हॅश' म्हणतात. एसएचए-२५६ ही त्याची आज रूढ असलेली पद्धत. फाइल एका ओळीची असो की हजार गिगाबाइटची डिस्क असो, गणित केल्यावर ठरीव ६४ चिन्हांचा ठसा निघतो. स्वल्पविराम बदला, ठसा वेगळा. शक्य असलेल्या ठशांची संख्या लिहायची तर ७८ अंक लागतात, म्हणून दोन वेगळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने एक येईल ही भीती व्यवहारात उरत नाही.

जप्तीच्या वेळी हा ठसा काढून पंचनाम्यात लिहितात. वर्षभराने, चार वर्षांनी, प्रत पुन्हा तपासून तोच ठसा आला, तर मधे कुणी बोट लावलेलं नाही हे सिद्ध होतं. तपास करणारे मूळ वस्तूला हात न लावता प्रतीवर काम करतात. वस्तू कुणाकडून कुणाकडे, किती वाजता, कुठल्या सीलमध्ये गेली याची सलग नोंद ठेवतात. या नोंदीत एक जरी खिंडार पडलं, तरी समोरचा वकील तिथूनच आत शिरतो. आणि ते योग्यच आहे, कारण हीच शिस्त निर्दोष माणसालाही वाचवते. त्याच्या फोनमध्ये नसलेला मेसेज कुणी नंतर घातला, तर ठसा जुळणार नाही.

आपल्या राज्यात पोलिसांच्या गुन्ह्यांतला असा मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे जातो. त्यांचं संचालनालय मुंबईत कालिन्याला आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. स्पर्धा आयोगाचा तपास वेगळ्या वाटेने, महासंचालकांच्या कार्यालयातून चालतो. वाटा दोन असल्या तरी शिस्त एकच आहे.

जो आधी बोलेल त्याला सूट

यंत्रात पुरावा असतो हे खरं, पण कुठल्या यंत्रात पाहायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी कायद्याने कलम ४६ ठेवलं आहे. संगनमतातल्या ज्या भागीदाराने आयोगाकडे आधी येऊन पूर्ण, खरी आणि उपयोगी माहिती दिली, त्याचा दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. नंतर येणाऱ्याला कमी सवलत.

टॉर्चमध्ये घालायच्या सेलच्या प्रकरणात हे घडलं. मे २०१६मध्ये पॅनासॉनिक आयोगाकडे गेली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी पथकांनी एव्हरेडी, इंडो नॅशनल आणि पॅनासॉनिक यांच्या ठिकाणांवर एकाच वेळी झडत्या घेतल्या. सेलच्या किमती ठरवून वाढवल्या जात होत्या आणि ईमेलांतून ते उघड झालं. १९ एप्रिल २०१८च्या आदेशात एव्हरेडीला १७१ कोटी ५५ लाख आणि इंडो नॅशनलला ४२ कोटी २६ लाख रुपये दंड झाला. पॅनासॉनिकचा दंड पूर्ण माफ झाला.

गुन्ह्यातल्या भागीदाराला सोडून द्यायचं, हे मनाला खटकतं. मलाही पहिल्यांदा वाचताना खटकलं होतं. पण संगनमत टिकतं ते आपसातल्या विश्वासावर. शेजारचा भागीदार उद्या सकाळी आयोगाच्या दाराशी उभा असेल, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात राहिली, तर तो विश्वासच पोखरतो. सेल विकत घेणाऱ्या कोट्यवधी लोकांना दोन-चार रुपयांचा भुर्दंड पडत होता. त्यांतला कुणी एकटा वकील लावणार नव्हता. त्यांच्या वतीने या कलमाने काम केलं.

सील लागलेली डिस्क आणि जालन्याचं प्रमाणपत्र

अधिकार मोठे असले की त्यांना वेसण हवी. आयोगाची पहिली मोठी झडती सप्टेंबर २०१४मध्ये जेसीबी इंडियाच्या दिल्लीतल्या कार्यालयावर झाली. ज्या कंपनीच्या नावालाच आपण माती उकरणाऱ्या यंत्राचं नाव करून टाकलं, तीच ही कंपनी. झडती कायद्याच्या चौकटीत होती का, असा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि जप्त सामग्रीच्या वापराला मनाई झाली. १५ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. मधली चार वर्षं पुरावा हाताशी असून वाचता येत नव्हता. तपास जितका नियमाला धरून, तितका तो लवकर मार्गी लागतो, ही त्यातली शिकवण.

पुरावा वाचला तरी तो मान्य व्हावा लागतो. याचा देशभर चालणारा नियम आला तो जालन्यातून. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबर २०१४ला दुपारी ३ची मुदत संपल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न उभा राहिला तो असा: त्या चित्रीकरणाच्या सीडीला कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र नव्हतं, मग ती चालेल का?

१४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि अधिकाऱ्यांनी दिलं नाही, त्याला मात्र त्याची शिक्षा नको. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ने एक पाऊल पुढे टाकलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्राच्या ताबेदाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅशचा ठसा लिहावा लागतो. स्पर्धा आयोगाची कामकाजाची धाटणी न्यायालयाहून वेगळी आहे. पण त्याचे आदेश अपिलात जातात, तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतात. तिथे टिकायचं तर ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळलेली बरी.

गोदामातला बाजार

मानकोली, अंजूर, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, पडघा. एके काळी इथे भाताची खाचरं होती. मुंबईच्या वेशीबाहेर जकात न भरता माल उतरवता येई, जवळ महामार्ग आणि पुढे न्हावाशेवा बंदर, म्हणून गोदामं आली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याची गरज कमी होऊन मोठ्या गोदामांना बरकत आली. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचाही माल या पट्ट्यातून हलतो. मुंबईकराने रात्री बटण दाबलं, की इथे कुणीतरी रॅकवरची वस्तू स्कॅन करतो.

याच दोन कंपन्यांविरुद्ध दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी चौकशीचा आदेश दिला. आरोप असे होते: नवे मोबाइल एकाच ठिकाणी विकायला आणणं, ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप, न परवडणाऱ्या सवलती, आणि शोध घेतल्यावर ठरावीक माल वर दाखवणं. कंपन्या न्यायालयात गेल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, जून २०२१मध्ये याचिका फेटाळल्या, आणि ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी थांबवायला नकार दिला. एप्रिल २०२२मध्ये अ‍ॅमेझॉनवरच्या दोन मोठ्या विक्रेत्यांच्या ठिकाणी झडत्या झाल्या. २०२४मध्ये महासंचालकांच्या अहवालात कायद्याचा भंग झाल्याचा निष्कर्ष असल्याच्या बातम्या आल्या. अहवाल म्हणजे निकाल नव्हे. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत आणि अंतिम निर्णय आयोगाचा व न्यायालयांचा.

या प्रकरणाने डिजिटल तपासाचं रूप मात्र पालटलं. सेलच्या प्रकरणात पुरावा ईमेलात होता, माणसाने माणसाला लिहिलेला. इथे प्रश्न असा आहे, की शोधाच्या पानावर कुणाचा माल पहिला दिसावा हे ठरवणारी आज्ञावली नेमकं काय करते. तिथे कुणी कुणाला मेसेज पाठवलेला नसतो. तिथे लाखो व्यवहारांची आकडेवारी तपासावी लागते आणि पद्धतशीर झुकाव आहे का ते शोधावं लागतं. मागावर कापड विणताना दोष कारागिराच्या हाताचा की मागाच्या जुळणीचा, हे जसं एका ताक्यावरून सांगता येत नाही, शंभर ताके पाहावे लागतात, तसंच हे. त्यासाठी वकिलाइतकाच संख्याशास्त्रज्ञ लागतो, अर्थशास्त्रज्ञ लागतो, आज्ञावली वाचणारा लागतो. अशी माणसं आपल्या शासकीय यंत्रणांत पुरेशी असावीत, त्यांना खाजगी कंपन्यांच्या तोडीचं साधन मिळावं, ही मागणी व्यापाऱ्यांनी, विणकरांनी आणि ग्राहकांनी आता मोठ्याने करायला हवी. सरकारी तपासनीस कमी पडला, तर हरतो तो छोटा विक्रेता.

आपल्या हातातलं काम

भिवंडीतल्या मालकाने यातून काय घ्यावं?

सर्वांत आधी, दार ओळखावं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा आणि पोलिसांकडे जावं. वस्तू सदोष निघाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग आहेत. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वैध मापन शास्त्र विभाग आहे. स्पर्धा आयोगाचं दार आहे ते संगनमत आणि वर्चस्वाच्या गैरवापरासाठी. तिथे कुणीही माहिती देऊ शकतो, स्वतःची ओळख गुप्त ठेवण्याची विनंती करू शकतो. एकट्या माणसासाठी शुल्क ५,००० रुपये. कारण घडल्यापासून तीन वर्षांत जावं लागतं.

दुसरं, पुरावा जपावा. संशयास्पद मेसेज आला तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेसेज पुसू नये, तो ज्या फोनवर आला तो फोन विकू नये, जुनी बिलं, दरपत्रकं, पावत्या तारखेने लावून ठेवाव्यात. कुणाला न विचारता केलेली ही साधी व्यवस्था पुढे तज्ज्ञाचं अर्धं काम करून ठेवते. आणि सारखा भाव दिसला की लगेच बोट दाखवू नये. त्या दिवशी कापसाचा, डॉलरचा, गिरणीचा भाव काय होता, तेही लिहून ठेवावं.

तिसरं सांगताना जीभ जड होते, पण सांगायला हवं. हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. गोव्यात औषधविक्रेत्यांच्या संघटनेवर आयोगाने जून २०१२मध्ये कारवाई केली होती. संघटना लहान होती आणि आपल्या सभासदांचं हित पाहत होती, म्हणून तिला सूट मिळाली नाही. सूत महागल्यावर भिवंडीतले यंत्रमागधारक एकत्र येतात, निवेदन देतात, सरकारकडे वीजदराची सवलत मागतात, तो त्यांचा हक्क आहे. पण त्याच बैठकीत अमुक भावाखाली कुणी ग्रे विकायचं नाही असं ठरलं, किंवा भाव चढावा म्हणून अमुक दिवस माग बंद ठेवायचे असं ग्रुपवर लिहिलं गेलं, तर तो मेसेज आपल्याविरुद्धचा पुरावा असतो. मजूर बुडतो, मालक बुडतो, अशा वेळी एकत्र येण्याची ओढ मला समजते. म्हणूनच काय मागायचं आणि काय ठरवायचं नाही, यातली रेघ संघटनेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला माहीत असायला हवी.

उद्या सकाळी फोन पुन्हा वाजेल. सूत चढलं, असा मेसेज येईल. वैतागून तो पुसण्याआधी थोडं थांबावं. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव आणि भाव, एवढं सगळं त्या दोन ओळींत आहे. बहुतेक वेळा तो नुसता बाजारभाव असेल. पण कधीतरी तो पुणेकरांना सापडला तसा पहिला धागा असेल, आणि तो जपून ठेवलेला असेल तरच त्याच्यावरून पुढचे धागे मोजता येतील.